कुंपणाकडेचं वाळकं झुडूप

।। अंबाबाई ।।

कसबा बावडा, कोल्हापूर
६ फेब्रुवारी २०२५

अक्काताई विहीणबाईंना चिमणाबाईचा नमस्कार. इथं सगळी बरी हायत. बरी नसती तरी तुम्ही तिथनं काय करणार होता?

पत्र बघून घाबरू नका, कुणी मेलेलं न्हाय. फोनवर बोलून माझं पोट भरत न्हाय म्हणून लिहितेय. फोन लावला की आमचा राजवर्धन तो मोठ्या आवाजावर ठेवतो, शेजारी तुमची रुचिता कान देऊन बसते, आणि तुम्ही पोपटासारख्या "सगळं छान आहे, सगळं छान आहे" म्हणत राहता. सगळं छान कुणाच्या घरात असतंय? म्हणून हा कागद. पाकिटावरचा इंग्रजी पत्ता शेजारच्या तेजस्वीनं घातलाय. मी चौथी नापास हाय, पण सातवी शिकलेल्या बाईला वाचता येईल एवढं अक्षर हाय माझं.

आमच्या नातवानं तुमची नात केली तेव्हा तुम्ही जयसिंगपुरात दोन दिवस अन्न सोडलंत. जैनाची पोरगी मराठ्याच्या घरी गेली, आता कांदा-लसूण खाणार, मटण शिजवणार, म्हणून गावभर रडलात. मी बी काय पेढे वाटले न्हाईत. आणि आता त्यांना पोरगी झाली तर पहिल्या विमानात कोण बसलं? तुम्ही. बसा की. रुचिताच्या आईचे गुडघे बदललेत, आमच्या सुनेला शाळेतनं रजा न्हाय, तवा पोरांनी आपल्या दोघी म्हाताऱ्यांच्या पाळ्या लावल्यात. एप्रिलपर्यंत तुम्ही, मग मी. मला अमेरिकेची काय हौस न्हाय. पोरगं म्हणतंय म्हणून जायचं.

विचारायचंय ते एकच. बाळंतिणीला शेक-शेगडी चालू हाय का? खाटेखाली निखारा, त्यावर ओवा, बाळंतशोपा, लसणाची सालं, आणि त्या धुरीत आई बी आणि पोर बी. तिथं बर्फ पडतोय म्हणं. अशात शेक न्हाय दिला तर रुचिताची कंबर चाळिशीच्या आत जाईल, आणि मग पाण्याची बादली जन्मभर माझ्या नातवानं उचलायची. फोनवर विचारलं तर तुम्ही म्हणालात, "हीटर आहे." हीटरनं भिंत तापती, बाई न्हाय.

कळवा. छान छान नको, खरं कळवा.

चिमणाबाई


।। श्री आदिनाथाय नमः ।।

पेन्सिल्वेनिया
१८ फेब्रुवारी २०२५

चिमणाबाई विहीणबाईंना जयजिनेंद्र.

पत्र मिळालं. पोपट म्हणालात, हरकत नाही. पोपट निदान शिकवलेलं तरी बोलतो. आणि अन्न मी दोन दिवस नव्हे, एकच दिवस सोडलं होतं. त्या दिवशी चतुर्दशी होती. मी दर चतुर्दशीला सोडते. त्यात तुमच्या नातवाचा काही संबंध नव्हता.

खरं कळवा म्हणता, तर शेक चालू नाही. या घरात विस्तवच नाही. चूल काचेची आहे, तिच्यावर भात शिजतो पण जाळ दिसत नाही. जमिनीत जाळी आहे, तिच्यातून गरम वारा येतो. मी राजवर्धनना म्हटलं, थोडा कोळसा आणून द्या. ते म्हणाले, "अक्काआज्जी, बाळाच्या छातीला धूर चांगला नाही, डॉक्टरनी बजावून सांगितलंय." रुचिताने तर हातच जोडले, "आज्जी, तेवढं सोडून काय पायजे ते कर." त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण पोरगी उठताना कमरेला हात लावून उठते, ते मला बघवत नाही.

बाहेर सगळं होरपळल्यासारखं आहे. कुठल्या झाडाला पान नाही. शेजारच्या हेलनबाईंच्या कुंपणाकडे एक झुडूप आहे, माणसाच्या उंचीचं. बुडातूनच पुष्कळ फोका फुटल्यात, बोटाएवढ्या जाड. त्याच्याही नुसत्या काड्या राहिल्यात, आणि काड्यांवर मोहरीएवढ्या बारीक गाठी आहेत. हे जळणाला चालेल, असं एकदा मनात येऊन गेलं. पण त्या गाठींत जीव असला तर? शिवाय झुडूप आपल्या बाजूचं का त्यांच्या, ते मला कळत नाही. आमचा जन्म किराणा दुकानात गेला, झाडातलं मला काही समजत नाही. शेतातल्या तुम्ही. तुम्ही सांगाल तसं करते.

धुरीत लसणाची सालं मात्र मी घालणार नाही.

अक्काताई


।। अंबाबाई ।।

कसबा बावडा
३ मार्च २०२५

विहीणबाई, तुमचं पत्र आलं तेव्हा मी उसाच्या ट्रॉल्या बघत दारात बसलेते. वाचलं आणि तेजस्वीला हाक मारून दाखवलं. म्हटलं, बघ गं, ही बाई वाळक्या काड्यांपुढं हात जोडून उभी हाय.

पान न्हाय म्हणजे झाड मेलं. एवढं आमच्या बावड्यात शेंबड्या पोराला बी कळतंय. झुडूप म्हणता, बुडातनं फोका म्हणता, आणि एक पान न्हाय? मग ते काय ध्यानाला बसलंय व्हय? आणि त्या गाठी म्हणजे खवले कीड. आमच्या परड्यातल्या पेरूवर दर साली येती. कीड लागली, झाड वाळलं, संपलं. त्यात जीव असंल म्हणून घाबरू नका. असला तरी त्या बर्फात कवाच गेला असंल. ते पाप तुमच्या नावावर न्हाय, बर्फाच्या.

आपलं का हेलनबाईचं, हे काय विचारायचं झालं? वाळल्या जळणाला कुणी मालक लागतोय व्हय? उलट तिचं कुंपण साफ झालं म्हणून ती बाई तुम्हाला चहा पाजंल.

आता नीट वाचा. सव्वा महिना सरला म्हणून थांबू नका, उशिरा दिलेला शेक बी लागतो. राजवर्धन कामावर गेला आणि रुचिता दुपारची पडली की झुडूप तोडा. घरात पेटवू नका, मोटार ठेवायच्या खोलीत पेटवा. निखारा पडला की ओवा टाका आणि खाटेखाली सरकवा. जाग येईपर्यंत तिची कंबर शेकून झाली पायजे. पोरांना विचारायला जाऊ नका. पोरांना विचारून कुणाचं बाळंतपण झालंय?

लसणाची सालं धुरीत घालायची असतात, खायची नसतात. पण ऱ्हाऊ दे. तुमचा धर्म तुमच्यापाशी.

मला विचारलंत हे मात्र शहाणपणाचं केलंत. तोडा.

चिमणाबाई


।। श्री आदिनाथाय नमः ।।

पेन्सिल्वेनिया
१६ मार्च २०२५

चिमणाबाई,

तोडलं.

परवा दुपारी तुम्ही सांगितलंत तसं सगळं केलं. गॅरेजमध्ये लांब दांड्याची कात्री होती, ती घेऊन बर्फातून कुंपणापर्यंत गेले. पहिली फांदी तुटली आणि वास आला. दालचिनीचा वास, त्यात लिंबाचं साल चोळल्यासारखा. फांदी आतून हिरवी होती. माझा हात थांबला. मग तुमचं पत्र आठवलं. शेतातली बाई सांगते मेलं, तर मी दुकानातली बाई ते जिवंत कशी ठरवू? सगळ्या फोका तोडल्या. बुडखे राहिले.

घमेलं नव्हतं म्हणून लोखंडी कढईत पेटवलं, गॅरेजचं दार लावून. काड्या ओल्या. जाळ एवढासा आणि धूर घरभर. छताला एक पांढरी डबी चिकटवलेली असते, ती किंचाळायला लागली. तिचं ऐकून आतल्या सगळ्या डब्या किंचाळायला लागल्या. मी ओव्याची पुडी हातात धरून णमोकार मंत्र म्हणत उभी. तेवढ्यात आगीचे दोन लाल बंब दारात. टोप घातलेली दांडगी माणसं आत घुसली, एकाने माझी कढई उचलली आणि बाहेर बर्फात पालथी घातली. ओवा टाकायचा राहूनच गेला होता.

आणि चिमणाबाई, जिच्या कमरेला ऊब मिळावी म्हणून हे केलं, ती रुचिता बाळाला पोटाशी धरून अनवाणी बर्फात उभी होती.

बंब हेलनबाईंनी बोलावले होते. झुडूपही त्यांचंच. त्या आल्या, बुडखे बघितले, खाली पडलेली एक काडी उचलून हुंगली, माझ्याकडे बघितलं आणि घरात गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. रुचिताने मग मोबाइलवर चित्र काढून माझ्यापुढे धरलं. स्पाइसबुश म्हणतात त्याला. दालचिनी, तमालपत्र यांच्या कुळातलं झुडूप. थंडीत सगळी पानं गाळतं, आणि थंडी सरताना पान यायच्या आधी पिवळ्या फुलांनी भरतं. तुमची ती खवले कीड म्हणजे कळ्या होत्या. थोड्या दिवसांत फुलणार होत्या. या गल्लीत सगळ्यात आधी तेच फुलतं, आणि हेलनबाई सगळी थंडी त्याच्याकडे बघून काढतात.

आमच्या दुकानात दालचिनी पोत्यांनी आली आणि गेली. तिच्या कुळातलं झाड मी कढईत घालून जाळलं. आमच्या दुकानासमोर सावर आहे. दर साली सगळी पानं गाळते आणि लाल फुलांनी भरते. तुमच्या बांधावर पांगारा असेल, तोही तसाच. मला आठवलं नाही, मी दुकानातली. तुम्हाला का आठवलं नाही?

रुचिता काल म्हणाली, "आज्जी, तुझ्याजवळ बाळ सोडून मी कामावर कशी जाऊ?" माझं तिकीट अलीकडे ओढून दहा एप्रिलचं केलंय.

तुमचं नाव मी घेतलेलं नाही. माझ्याच डोक्यातलं खूळ, असं सांगितलं. त्यामुळे तुमचं वीस एप्रिलचं तिकीट आहे तसं आहे. या. येताना शहाणपण तेवढं बावड्यात ठेवून या.

अक्काताई


।। अंबाबाई ।।

कसबा बावडा
३० मार्च २०२५

विहीणबाई,

काल पत्र आलं. आज गुढी उभी केली आणि लिहायला बसले. सणाला गोड बोलावं म्हणतात, ते तुम्ही बोला.

आत हिरवं दिसलं तर थांबायचं की! डोळं तुमचं, कात्री तुमच्या हातात, आणि हुकूम कोल्हापूरचा? मी विहिरीत उडी टाका म्हटलं असतं तर आधी पोहायला शिकला असता ना? आणि ओल्या काड्या कढईत घालून दार लावून कोण पेटवतंय? जन्मात चूल पेटवली न्हाय काय तुम्ही? पांगाऱ्याचं म्हणाल तर पांगारा झाड हाय, झुडूप न्हवं. तो पान गाळतो हे मला शिकवू नका. माझ्या बांधावर दोन हायत. दोन्ही आत्ता लालभडक फुललेत, माझ्याकडं बघून हसल्यासारखे. हसू देत.

पण खरा राग आला तो तुमच्या शेवटच्या ओळींचा. माझं नाव घेतलं न्हाय म्हणं! कुणी सांगितलं होतं एवढं चांगलं व्हायला? म्हणजे मी तिथं येऊन पोर मांडीवर घ्यायची, आणि तुम्ही जयसिंगपुरात खाली मान घालून बसायचं. आणि मग मरेपर्यंत प्रत्येक कार्यात तुम्ही माझ्याकडं बघणार. बोलणार न्हाय, नुसतं बघणार. ते तुमचं गप्प बघणं मला चांगलं म्हाईत हाय. असल्या उपकारावर मी विमानात काय, बैलगाडीत बी बसायची न्हाय.

म्हणून काल राती राजवर्धनला फोन लावला. म्हटलं, "ते झुडूप मी तोडाय लावलं."

"कुठलं झुडूप, आजी?"

"किती झुडपं तोडलीत तुमच्यात? हेलनबाईचं. मी पत्रातनं सांगितलं. अक्काताई विचारत होत्या, जिवंत असंल का. मी म्हटलं मेलंय, तोडा."

"तू? कोल्हापुरात बसून?"

"व्हय. तिथं असते तर मुळासकट काढलं असतं."

तो म्हणाला, "आजी, तू सातासमुद्रापलीकडनं माझ्या दारात दोन बंब आणलेस. इथं आलीस तर काय करशील गं?" त्याच्या आवाजात हसू बी होतं आणि भ्या बी होतं. भ्या जास्त. पुढं चाचरत म्हणाला, "मग… तुझं तिकीट…"

"ठेव की तुझं तिकीट," म्हटलं, आणि फोन खाली ठेवला.

तवा आता तुम्हीच राहा. रुचिताची रजा संपणार, पोर कुणीतरी सांभाळायला पायजे, आणि दोघींतली कमी येडी कोण हे पोरांना आता कळलंय.

मला काय त्याचं न्हाय. लोकर लावलेले बूट तेवढे घेऊन ठेवलेते. दुकानदार परत घेत न्हाय. ते आता गोठ्यात घालते. म्हशी बघत्यात.

चिमणाबाई


।। श्री आदिनाथाय नमः ।।

पेन्सिल्वेनिया
१२ एप्रिल २०२५

चिमणाबाई,

तुमचं पत्र आलं. त्याच्या किती तरी आधी तुमचा फोन इथे येऊन आदळला होता.

मला फार राग आला. मी सगळं अंगावर ओढून घेतलं, नातीची बोलणी खाल्ली, पिशव्या भरून ठेवल्या, आणि तुम्ही एका फोनवर सगळं उलटं केलंत. तुम्हाला कुणाचं काही घेताच येत नाही, चांगलं म्हणून दिलं तरी.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. आमच्यात जाणूनबुजून खोटं बोलणं पाप. माझ्या हयातीत मी ते केलं नव्हतं, ते तुमच्यापायी एका महिन्यात दोनदा केलं. जेवायला बसलो होतो. मी म्हटलं, "राजवर्धन, चिमणाबाई तसं काही म्हणाल्या नव्हत्या. मला वाचवायला त्या तुमच्याशी खोटं बोलल्या."

त्यांनी हातातला घास खाली ठेवला. रुचिताकडे बघितलं. रुचिताने त्यांच्याकडे बघितलं. आणि दोघं जे हसत सुटली, ते बाळ दचकून जागं झालं. पंधरा दिवसांत या घरात कुणी हसलं नव्हतं.

राजवर्धन म्हणाले, "अक्काआज्जी, आमची आजी दुसऱ्याला वाचवायला खोटं बोलेल? तुम्ही तिला ओळखतच नाही!"

झालं. माझं खोटं तिथेच पडलं आणि तुमचं खरं ठरलं. तुमची जीभच तुम्हाला साक्षीला आली. तुमचं तिकीट परत केलंय. "आजीचं पुढच्या वर्षी बघू," म्हणतात. मी जुलैपर्यंत आहे. सोमवारपासून रुचिता कामावर जायला लागली. जाताना बाळाला माझ्या हातात दिलं. दारातून दोनदा वळून बघितलं, पण दिलं.

हेलनबाईंना राजवर्धननी जाऊन सगळं सांगितलं. मुळं जिवंत आहेत, फुटवा येईल, पण फुलं यायला दोन-तीन वर्षं जातील म्हणे. मी रोज सकाळी बुडख्यांना तांब्याभर पाणी घालते. त्या खिडकीतून बघतात. काल त्यांनी खिडकी उघडली. मी नमस्कार केला. त्यांनी लगेच लावून घेतली, पण उघडली होती.

अक्काताई


।। अंबाबाई ।।

कसबा बावडा
२८ एप्रिल २०२५

विहीणबाई,

पेठेत जन्म गेला, गिऱ्हाईकाशी बोलत म्हाताऱ्या झालात, आणि एक खोटं धड बोलता आलं न्हाय तुम्हाला. मला सांगितलं असतं तर मी शिकवलं असतं. राजवर्धन मात्र हुशार निघाला. आपली माणसं वळखतो. आमच्याकडनं घेतलंय त्यानं.

पुढच्या वर्षी बघू म्हणं. शहात्तर वर्षांच्या बाईला पुढच्या वर्षीचं सांगतंय पोरगं. पासपोर्टवरचा फोटो तेवढा झकास आलाय. मी गेले की चौकात फ्लेक्स लावायला तोच द्या म्हणून सुनेला सांगून ठेवलंय. ती रडाय लागली. येडी.

बुडख्यांना तांब्याभर पाणी कशाला? सकाळी तुळस आणि मग हेलनबाईचं झुडूप, असं चाललंय व्हय? घालायचंच असंल तर बुडापासनं हातभर लांब आळं करून बादलीभर घाला, आठवड्यातनं एकदा. फुटवा आला की बारके कोंब खुडून… जाऊ दे. झुडपातलं मी काय सांगणार न्हाय.

पोरीचं सांगते, ते ऐका. तिला रोज तेल लावा, पण टाळूवर थापू नका. एकाच कुशीवर निजवू नका, डोकं चपटं होईल. आमच्याकडं चपट्या डोक्याचं कुणी न्हाय, तुमच्याकडचं मला म्हाईत न्हाय. रडली की लगेच उचलू नका आणि लई वेळ रडवू बी नका. तुम्हाला यातलं काय जमायचं न्हाय, पण लिहून ठेवलं म्हणजे मी सांगितलं न्हाय असं नको.

आणि रविवारी तो मोबाइल तिच्यासमोर धरता, तो नीट धरत जावा. हात हलवत जाऊ नका. काल निम्मा वेळ मला तुमच्या घराचं छतच दिसत होतं, आणि छत बघायला मी चष्मा पुसून बसत न्हाय.

चिमणाबाई